प्रिंटर, ड्रायव्हर आणि विंडोज : पुण्यातल्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातली प्रिंटिंगची कामं साधीच असतात. मुलांचा प्रोजेक्ट, सोसायटीच्या सभेची नोटीस, भाडेकराराचा मसुदा, आधारची प्रत. पण ती अडतात नेमकी घाईच्या वेळी, आणि घाईत पैसे नको तिथे जातात. धडधाकट प्रिंटर भंगारात गेलेला किंवा अर्धा भरलेला टोनर फेकलेला पाहिला की वाईट वाटतं. बिघाड कुठे आहे हे आधी शोधावं आणि खर्चाचं नंतर बघावं, याच क्रमाने खालची उत्तरं लिहिली आहेत.

प्रिंट येतच नाही. सुरुवात कुठून करायची?

कॉम्प्युटर बाजूला ठेवा. प्रिंटरला स्कॅनर असेल तर काचेवर एक कागद ठेवून नुसती झेरॉक्स काढून बघा. ती स्वच्छ आली तर कागद ओढणं, शाई, टोनर सगळं ठीक आहे. दोष केबल, वायफाय, ड्रायव्हर (विंडोज आणि प्रिंटर यांच्यात दुवा साधणारा प्रोग्रॅम) किंवा विंडोजमध्ये आहे, आणि त्यासाठी प्रिंटर रिक्षात घालून दुकानात न्यायची गरज नाही. झेरॉक्सच आली नाही तर मात्र ड्रायव्हर दहा वेळा टाकूनही काही होणार नाही. स्कॅनर नसलेल्या बहुतेक प्रिंटरांनाही स्वतःचं चाचणीचं पान काढता येतं. कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते पुस्तिकेत असतं.

झेरॉक्स येते पण प्रिंट येत नाही, असं असेल तर नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून ती छापा. नोटपॅडमधून छापलं जातं आणि तुमची पीडीएफ अडते, तर दोष त्या फाइलमध्ये किंवा ती उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. पीडीएफ ॲडोबी रीडरमध्ये उघडून प्रिंटच्या ॲडव्हान्स्ड भागात ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण केली की अशा हट्टी फाइली बहुधा निघतात.

प्रिंटर चालू आहे, समोर दिवा लागलाय, तरी विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणतं. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याची कारणं घरागणिक वेगळी असतात.

यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर असेल तर आधी प्रिंटरांच्या यादीत बघा. सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. तिथे एकाच प्रिंटरचं नाव दोनदा दिसतंय का, दुसऱ्यापुढे ‘कॉपी १’ असं? साफसफाईत केबल निघाली आणि परत लावताना दुसऱ्या खाचेत गेली की विंडोज पुष्कळदा त्याला नवा प्रिंटर समजतं. जुनं नाव ऑफलाइन पडतं आणि तुमच्या प्रिंट जुन्याच नावाकडे जात राहतात. केबल मूळ खाचेत लावा, किंवा नव्या नावाला डीफॉल्ट (प्रिंट आपोआप जाते तो प्रिंटर) करून जुनं काढून टाका. लांब केबल घेतली असेल तर तीही तपासा. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर आहे. खोली ओलांडून नेलेल्या स्वस्त केबलवर अर्धी प्रिंट येऊन थांबते.

वायफायवरच्या प्रिंटरची गोष्ट वेगळी. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला आकडी पत्ता देतो. वीज जाऊन आली किंवा राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला वेगळा ॲड्रेस मिळू शकतो, आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तिथे हा त्रास दर आठवड्याचा होऊन बसतो. कायमचा उपाय असा : राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक आयपी राखून ठेवा, त्याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. मग विंडोजमध्ये प्रिंटर नव्याने घालताना आपोआप सापडलेल्या नावावर टिचकी न मारता ‘ॲड मॅन्युअली’ निवडा आणि तो आयपी स्वतः टाइप करा. आपोआप सापडलेला प्रिंटर विंडोज पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाच्या, उपकरण आपोआप शोधणाऱ्या पोर्टवर बसवतं, आणि ऑफलाइनच्या तक्रारी त्या पोर्टवर जास्त येतात. आयपी स्वतः टाकून, म्हणजे टीसीपी-आयपी पोर्टवर बसवलेला प्रिंटर पत्ता बदलेपर्यंत हरवत नाही, आणि पत्ता तर आपण बांधूनच टाकलेला असतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, जरूर करून घ्या.

नवीन फायबर कनेक्शन घेतल्यावर प्रिंटर वायफाय पकडत नसेल तर बँड बघा. अनेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरवर २.४ आणि ५ ची नावं वेगळी करा आणि प्रिंटर २.४ वर जोडा. लॅपटॉप ५ वर राहिला तरी चालतं, दोघे एकाच राउटरवर असले म्हणजे झालं. अपवाद गेस्ट नेटवर्कचा. त्यावर जोडलेल्या लॅपटॉपला घरातला प्रिंटर सहसा दिसतच नाही, कारण गेस्ट नेटवर्क त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

हिंजवडीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप आहे. घरच्या प्रिंटरवर छापत नाही.

व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) चालू असताना पुष्कळ कंपन्या घरातल्या इतर उपकरणांशी संपर्क तोडतात, आणि ड्रायव्हर टाकायची परवानगीही तुमच्याकडे नसते. हा बिघाड नाही, कंपनीचा नियम आहे. कंपनीच्या आयटी विभागाला विचारा. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवून घरच्या कॉम्प्युटरवरून छापायचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यापायी नोकरी अडचणीत येऊ शकते. तो घेऊ नका.

रांगेत अडकलेली प्रिंट डिलीट केली तरी जात नाही.

विंडोजमधली प्रिंट स्पूलर नावाची सेवा प्रत्येक प्रिंट आधी डिस्कवर ठेवते आणि मग प्रिंटरकडे ढकलते. एखादी फाइल तिथे बिघडली की मागच्या सगळ्या अडतात. प्रिंटर बंद करा. स्टार्ट दाबून इंग्रजीत ‘सर्व्हिसेस’ टाइप करा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा आणि ‘स्टॉप’ करा. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असा फोल्डर उघडा. त्याच्या आतल्या फाइली पुसा. फोल्डर स्वतः पुसू नका. परत येऊन स्पूलर ‘स्टार्ट’ करा आणि मग प्रिंटर चालू करा. स्पूलर न थांबवता फाइली पुसायला गेलात तर त्या पुसल्या जात नाहीत, म्हणून हा क्रम पाळा.

ड्रायव्हर कुठून घ्यावा?

प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, आणि फक्त तिथूनच.

हे उत्तर एवढंच ठेवून चाललं असतं, पण या एका पायरीवर लोकांचे कष्टाचे पैसे जातात, म्हणून सविस्तर सांगतो. प्रिंटरचं मॉडेल लिहून ‘ड्रायव्हर’ शोधलं की सर्वात वर जाहिराती येतात. त्यातल्या काही साइट कंपनीच्या साइटसारख्याच दिसतात : तोच रंग, तसंच बोधचिन्ह. मॉडेल नंबर टाकला की डाउनलोड सुरू झाल्यासारखं दाखवतात, मग लाल अक्षरांत एरर येतो आणि खाली ‘मदतीसाठी’ फोन नंबर. फोनवरचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतो, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्याचं दाखवतो आणि पैसे मागतो. कधी ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणून बँकेचं पान उघडायला लावतो आणि पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. मुलं परदेशात आणि आईवडील इथे एकटे, अशा घरांना यात जास्त धोका आहे. त्यांना आज फोन करून एवढं सांगा : ड्रायव्हर फुकट असतो. त्यासाठी कोणी पैसे, ओटीपी किंवा स्क्रीन मागितली तर फोन ठेवून द्यायचा.

असं घडलंच तर त्या क्षणी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच थांबवली जाण्याची शक्यता जास्त. भीडेपोटी किंवा लाजेपोटी एक रात्रही थांबू नका. फसवणूक झालेल्याची यात काहीही चूक नसते.

‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो’ म्हणणारे प्रोग्रॅमही घेऊ नका. जो ड्रायव्हर नीट चालतोय त्याला हात लावायचं कारणच नसतं.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ वर गेलो तर जुना प्रिंटर चालेल का?

बहुतेक वेळा चालतो, पण आधी खात्री करा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर केली, तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे प्रिंटर तयार असूनही कॉम्प्युटर अडतो, असंही होतं.

प्रिंटरच्या बाजूने मुख्य अट आहे ६४ बिट ड्रायव्हरची, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचा जुना कॉम्प्युटर ३२ बिटचा असेल तर त्याचा ड्रायव्हर इकडे चालणार नाही, ६४ बिटचा वेगळा घ्यावा लागेल. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे दोन छोटे लेझर प्रिंटर अजून कितीतरी दवाखान्यांत, वकिलांकडे आणि शिकवण्यांत रोज चालतात. दोघांचेही ६४ बिट ड्रायव्हर आहेत. फक्त ११ चं नाव दिसलं नाही म्हणून घाबरू नका, विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर ११ वर सहसा बसतो.

एक काम मात्र आजच करा. ड्रायव्हरची फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर जपून ठेवा. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवलं जाईल आणि पुढचा भर आयपीपीवर (नेटवर्कवरून छापायची सर्वमान्य पद्धत) चालणाऱ्या सामायिक ड्रायव्हरवर असेल. नव्या वायफाय प्रिंटरांना त्याचा फायदाच आहे. पण फक्त यूएसबीवर चालणाऱ्या जुन्या प्रिंटरला त्याचा स्वतःचा ड्रायव्हरच लागतो, आणि ती फाइल सांभाळणं आता आपल्याकडे आलं.

नवा लॅपटॉप घेताना दोन गोष्टी दुकानात विचाराच. विंडोज ‘एस मोड’मध्ये आहे का? त्यात बाहेरून आणलेला ड्रायव्हर बसत नाही. एस मोडमधून बाहेर पडता येतं, परत जाता येत नाही. आणि प्रोसेसर स्नॅपड्रॅगनचा आहे का? असेल तर इंटेलसाठीचा ड्रायव्हर चालत नाही, आर्म६४ चा लागतो, आणि जुन्या प्रिंटरांना तो सहसा मिळत नाही.

ऑफिसात एकाच्या कॉम्प्युटरला लावलेला प्रिंटर बाकीचे वापरत होते. अपडेट आल्यावर बंद झालं.

२०२१ च्या जून-जुलैत स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली गंभीर त्रुटी सापडली. तिच्यामुळे बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा घेता येत होता. त्यानंतरच्या महिन्यांत आलेल्या अपडेटनी प्रिंटर शेअरिंगचे नियम कडक केले, आणि ज्याच्या नंबरच्या शेवटी ‘११बी’ असतं तो एरर ऑफिसाऑफिसांत दिसू लागला. नेटवर याचा एक झटपट उपाय सगळीकडे सापडतो : रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) एक नोंद करून ते संरक्षणच बंद करायचं. कृपया तो करू नका. ज्या कॉम्प्युटरवर ग्राहकांची पॅन, आधार आणि बँकेची कागदं आहेत तिथे तर नकोच.

दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा. तरीही अडलं तर ज्याला प्रिंटर हवा आहे त्या कॉम्प्युटरवर आधी कंपनीचा ड्रायव्हर टाका. मग ‘लोकल पोर्ट’ नवीन बनवा आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रिंटर लावलेल्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि प्रिंटरचं शेअर केलेलं नाव लिहा. बऱ्याचदा याने काम होतं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पुढचा प्रिंटर घेताना लॅन (नेटवर्क केबलच्या) खाचेचा घ्या आणि थेट राउटरला जोडा. एकाचा कॉम्प्युटर बंद म्हणून चौघांचं काम थांबायचं कारण उरत नाही.

डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलतो.

प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो.

मराठी फाइल दुसरीकडे उघडली की चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

हा दोष प्रिंटरचा नाही, ड्रायव्हरचाही नाही. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) रुळण्याआधी मराठी टायपिंगचं मोठं काम पुण्यातच झालं. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने आयएसएम हे टायपिंगचं सॉफ्टवेअर दिलं, मॉड्युलर कंपनीने श्रीलिपी दिली, आणि छापखान्यांचा, वृत्तपत्रांचा, सरकारी कचेऱ्यांचा मजकूर त्यांवर उभा राहिला. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की खालची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच वर येतात. मजकूर गेलेला नसतो, घाबरू नका. ज्या कॉम्प्युटरवर तो नीट दिसतो तिथेच पीडीएफ करून घ्या; फॉन्ट पीडीएफमध्ये भरला जातो आणि अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे तसाच छापून येतो. पुढे उपयोग असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला. रूपांतरात चुका तिथेच राहतात.

युनिकोडची फाइलही कधी बिनसते. मजकूर वाचता येतो, पण ओळी सरकतात आणि एक पान वाढतं. फाइल मंगल फॉन्टमध्ये आहे आणि नव्या कॉम्प्युटरवर मंगल नाही, असं असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये देवनागरीसाठी निर्मला फॉन्ट आधीपासून असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हे ऑप्शनल फीचर्समधल्या ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’मधून घ्यावे लागतात. फुकट आहेत. अर्जाचा नमुना मंगलमध्येच आला असेल तर हे आधी करून घ्या.

आधारच्या पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह छापलं जातं.

पीडीएफ ब्राउझरमध्ये न उघडता ॲडोबी रीडरमध्ये उघडा. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. इंटरनेट चालू ठेवून सहीवर उजवी टिचकी मारा, ‘व्हॅलिडेट’, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’, आणि ‘ट्रस्ट’ भागात ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’. पुन्हा तपासलं की हिरवी खूण येते, मग छापा. हे काम दुकानात केलंत तर निघताना त्यांच्या कॉम्प्युटरवरची डाउनलोड झालेली फाइल पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनही, आणि व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडा. संकोच करू नका, चांगले दुकानदार स्वतःच सांगतात.

पावसाळ्यात कागद सारखा अडकतो.

जून ते सप्टेंबर कागद हवेतला दमटपणा ओढतो. पानं एकमेकांना चिकटतात, दोन-दोन ओढली जातात. लेझरमध्ये टोनर पक्का करायला कागद तापवला जातो, तिथे ओलसर कागद वळतो आणि सुरकुततो. ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं ठेवा, उरलेलं रीम मूळ वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा, आणि भरण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्या. अडकलेला कागद जमेल तोवर त्याच्या जाण्याच्या दिशेनेच दोन्ही हातांनी हळू ओढा. फाटून आत तुकडा राहिला तर काम वाढतं. वर्षभर हाच त्रास असेल तर कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झाला असेल. जेमतेम ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो पुसा.

इंक टँक प्रिंटरमध्ये रेषा तुटक येतात.

न वापरल्याने कागदावर शाई सोडणाऱ्या हेडमधली शाई सुकते. मे महिन्यात गावाला जाऊन आलं की हे हमखास होतं. आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहा. तुटक आलंच तर प्रिंटरच्या देखभालीच्या पर्यायांतून नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारं पान), मग हेड क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. दोन-तीनदा करून फरक नसेल तर थांबा आणि काही तासांनी पुन्हा बघा. सलग क्लीनिंग करत राहिलात तर शाई संपते आणि ती सगळी आतल्या शोषक पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याचा इशारा आला तर ते बदलून घ्या. पॅड किती भरलं याचा नुसता आकडा शून्य करून देणारी सॉफ्टवेअर नेटवर फिरतात. त्यातली कित्येक व्हायरस घेऊन येतात, आणि भरलेलं पॅड तर भरलेलंच राहतं. शाई शेवटी टेबलावर गळते.

लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू का?

नको. तापताना तो एकदम खूप वीज ओढतो, छोटा यूपीएस ते सोसत नाही. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. इंकजेट चालतो.

लिनक्स टाकलं तर?

गेल्या काही वर्षांतला वायफाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हर न टाकताच चालतो, कारण लिनक्समधली कप्स ही छपाईची व्यवस्था आयपीपी जाणते. एचपीच्या पुष्कळ मॉडेलना एचपीलिप हा एचपीचा लिनक्स ड्रायव्हर आहे. एलबीपी २९०० मात्र कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो आणि लिनक्सवर त्रास देतो. जुन्या कॉम्प्युटरला लिनक्सने नवं आयुष्य मिळतं, ते जरूर द्या, पण आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंट काढून बघा आणि मगच विंडोज पुसा.

मोबाइलवरून थेट छापता येईल का?

वायफाय प्रिंटर असेल तर हो. आयफोनला एअरप्रिंट (ॲपलची छपाईची सोय) असलेला प्रिंटर लागतो. अँड्रॉइडमध्ये ८ पासून छपाईची सोय आधीच असते. फक्त यूएसबीच्या प्रिंटरवर सहसा जमत नाही.

ट्रेमध्ये कागद आहे, तरी प्रिंटर कागद मागतो.

बहुधा फाइल लेटर आकारात असते. अमेरिकेतला लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. वर्डमध्ये पेज साइज आणि प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये पेपर साइज, दोन्ही ठिकाणी ए४ करा. एकाच ठिकाणी बदललं तर पुन्हा तेच होतं. लीगल कागदावर छापायचं असेल तरी हीच दोन ठिकाणं बघा.

माणूस बोलवायचाच आहे. त्याला काय सांगू?

प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, मागच्या स्टिकरवरून. विंडोज कोणतं, १० की ११. जोडणी यूएसबीची की वायफायची. स्क्रीनवरच्या एररचा फोटो. झेरॉक्स निघते का. आणि बिघाडाच्या आधी काय बदललं : अपडेट, राउटर, टोनर, जागा. एवढं फोनवर सांगितलंत तर चांगला माणूस पुष्कळदा तिथेच वाट दाखवतो आणि फेरीचे पैसे वाचतात. तो आला की ‘बोर्ड गेलाय’ म्हणाला तर कोणत्या चाचणीवरून, ते शांतपणे विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या. दुरुस्तीचा अंदाज आधी लिहून घ्या, आणि तापकीर गल्लीत किंवा टिळक रोडवर आणखी एका ठिकाणी विचारून मगच हो म्हणा.